दुरुस्ती झाली, पण गाडी मानत नाही : ग्राहक व्यवहार विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली.

विषय : संगणकावर चालणाऱ्या गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती आणि साधनं गाडीमालकांना व गावातल्या मेस्त्रींना खुली करण्याबाबत.

महोदय,

२४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, आपल्या विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि मोटारगाड्या अशी चार क्षेत्रं त्यात धरली. चौथ्या क्षेत्राचं नाव वाचून आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांना बरं वाटलं होतं. त्यानंतर मी अधूनमधून त्या पोर्टलवरचं मोटारींचं दालन उघडून बघतो. तिथे मिळतो तो कंपनीचा मदत क्रमांक, अधिकृत सर्व्हिस सेंटर शोधायची सोय, वॉरंटीच्या अटी आणि फार तर मालकासाठीची पुस्तिका. ती पुस्तिका गाडीबरोबर आलेलीच असते. टायरमध्ये हवा किती भरावी आणि वायपरचं पाणी कुठे ओतावं हे ती नीट सांगते. इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर काय करावं, या प्रश्नाला मात्र तिच्याकडे एकच उत्तर असतं : अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा.

मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहतो. विक्रेत्याशी संपर्क इथून लगेच होतो, रेंज असली तर. गाडी त्याच्यापर्यंत पोचवायची कशी, हा खरा प्रश्न. काही कंपन्यांचं जवळचं सेंटर कणकवली-कुडाळला आहे, काहींचं रत्नागिरीला, काहींचं थेट कोल्हापूरला नाहीतर गोव्यात. नकाशावर कोल्हापूर जवळ दिसतं, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. २०२४ मध्ये करूळचा घाट रुंदीकरणासाठी बंद झाला, तेव्हा भुईबावडा किंवा फोंडा घाटाने वळसा घालावा लागत होता. पावसाळ्यात कुठल्या घाटात कधी दरड येईल याचा नेम नाही. बंद पडलेली गाडी टो करून न्यायचं भाडं कधी कधी आत बदलायच्या पार्टपेक्षा जास्त होतं. शिवाय तिथे गेल्यावर नंबर लागायचा, पार्ट पुण्याहून यायचा, आणि आपण घरी परत कसं यायचं ते आपलं आपण बघायचं.

मी मेकॅनिक नाही. आंब्याची बाग आहे, एक पिकअप आहे, घरची एक चारचाकी आहे. गावाकडे गाडी असलेल्या माणसाला थोडंफार काम यावंच लागतं, तेवढं मला येतं. फॅनबेल्ट बदलणं, डिझेल फिल्टर बदलून एअर काढणं, ब्रेकचे पॅड टाकणं, ही कामं आमच्याकडे घरच्या अंगणात होत आली आहेत. जुन्या गाड्या सोन्याच्या होत्या असं मी म्हणणार नाही. त्या धूर ओकत होत्या, डिझेल पीत होत्या आणि ओल्या उतारावर ब्रेक लावला की देवाचं नाव घ्यावं लागत होतं. १ एप्रिल २०२० पासून धुरावर मर्यादा घालणारे बीएस-६ नियम आले, त्याआधी वर्षभर मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. आंबोलीच्या धुक्यात समोर अचानक म्हैस आली की एबीएसची किंमत कळते. गाडीतला कंप्युटर काढून टाका, अशी मागणी करायला हे पत्र लिहिलेलं नाही. त्या कंप्युटरशी बोलायचा हक्क गाडीच्या मालकाला आणि त्याच्या मेस्त्रीला नाही, आणि तो नसण्याचं काहीही तांत्रिक कारण नाही, एवढंच मला आपल्यापुढे मांडायचं आहे.

मागच्या एका हंगामात आमच्या शेजाऱ्यांची पिकअप आंब्याच्या पेट्या भरून वाशी मार्केटला निघाली. घाट चढायच्या आधीच इंजिनाचा जोर तुटला, चेक लाइट लागली आणि गाडी लिम्प मोडमध्ये गेली. म्हणजे कंप्युटरने इंजिन वाचवायचं म्हणून ताकद कापली. गाडी चालते, पण भरलेली गाडी घाट चढणार नाही. ड्रायव्हरने रात्रीच नाक्यावरच्या मेस्त्रीला उठवलं. त्याने गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा साधा ब्लूटूथवाला स्कॅनर लावला. धूर गाळणारा जो फिल्टर सायलेन्सरच्या वाटेत असतो, डीपीएफ म्हणतात तो, त्याचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा कोड आला. सेन्सरकडे जाणारी रबरी नळी चिरली होती. मेस्त्रीने चिरलेलं टोक कापलं, नळी पुन्हा बसवली, क्लिप मारली. दुखणं संपलं होतं. पण नळी चिरलेली असताना कंप्युटरने फिल्टर काजळीने भरल्याचा हिशोब मनाशी धरून ठेवला होता, आणि तो हिशोब पुसायला किंवा फिल्टर जाळून साफ करायचा हुकूम द्यायला कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं. साध्या स्कॅनरला तो दरवाजा उघडत नाही. मेस्त्री म्हणाला, “गाडयेक काय झालेला नाय, ह्यो कंप्युटर ऐकणा नाय.”

पेट्या दुसऱ्या टेम्पोत चढवल्या, रात्रीचं मागतील ते भाडं दिलं, मार्केटला पोचायला उशीर झाला. आंबा पेटीत वाट बघत बसत नाही, तो पिकत जातो आणि दलाल त्याप्रमाणे भाव पाडतो. पिकअप टो होऊन सर्व्हिस सेंटरला गेली. तिथे लॅपटॉप लावून काम झालं ते फिल्टर जाळण्याचं. बिलात त्याला डायग्नोस्टिक चार्ज आणि सॉफ्टवेअर चार्ज अशी दोन नावं होती. कंपनी कोणती ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीची असती तरी याहून वेगळं घडलं नसतं.

हा फिल्टर आमच्या भागात मुळातच जास्त त्रास देतो, आणि त्याचं कारण इथले रस्ते आहेत. त्यात साठलेली काजळी जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ते आपोआप होतं. आमच्याकडे घर ते बाजार, बाजार ते शाळा, वाटेत साकव, वळणं, दुसरा-तिसरा गिअर. जाळायचं काम सुरू होतं आणि मध्येच गाडी बंद होते. असं वारंवार झालं की दिवा लागतो. म्हणजे जिथे या फिल्टरला बाहेरून हुकूम देऊन साफ करायची गरज सगळ्यात जास्त, तिथेच तो हुकूम देणारं यंत्र सगळ्यात लांब.

दुसरा शत्रू खारा वारा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाकीचे महिने समुद्रावरून येणारी खारी दमट हवा. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. अर्थची वायर चॅसीला जिथे बोल्टने बसते तिथे गंज धरतो. चाकाजवळच्या एबीएस सेन्सरखाली गंजाचा पापुद्रा फुगतो, सेन्सर केसभर उचलला जातो आणि डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी सुरू होते. यातल्या कित्येक दुखण्यांना नवा पार्ट लागतच नाही. पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, थोडं ग्रीस, पाच-पंचवीस रुपयांचं सामान. पण नेमकी कुठली वायर कुठून कुठे जाते हे कळायला वायरिंगचा नकाशा लागतो, आणि तो कंपनी बाहेर देत नाही. मग कोणीतरी इंटरनेटवरून कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या मॉडेलचा नकाशा काढतो, रंग जुळत नाहीत, अंदाजाने वायर सोलून बघितली जाते. सोललेल्या जागी पुढच्या पावसात पुन्हा पाणी.

इथले मेस्त्री शिकायला तयार नाहीत, असं कंपन्यांचे लोक खासगीत सांगतात. ते खरं नाही. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं जे सॉकेट असतं त्यातल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमध्ये, बॅटरीची वायर काढून, मल्टिमीटर लावला तर साधारण ६० ओहम दाखवायला हवेत. १२० दाखवले तर कंप्युटरांना जोडणाऱ्या दोन वायरींच्या वाटेत कुठेतरी तुटलं आहे, हे मला आमच्या नाक्यावरच्या दहावी शिकलेल्या वायरमनने शिकवलं. त्याला ते कुठल्या कंपनीने शिकवलेलं नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून, भंगारातल्या गाडीवर हात चालवून तो शिकला. या दोन वायरींची पद्धत १९८०च्या दशकात जर्मनीत निघाली. जगभर तिच्यावर पुस्तकं आहेत. त्याच्यासमोर बंद आहे ते फक्त या विशिष्ट गाडीच्या कंपनीने तिच्यावर चढवलेलं कुलूप.

आता नोझलचं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं बघा, कारण हा प्रकार आपल्या विभागाच्या दुरुस्ती-हक्क समितीतल्या एखाद्याला माहीत नसेल तर सगळं पत्र अतिरेकी वाटेल. आजच्या डिझेल गाडीचा प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात तपासला जातो आणि त्याच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा एक कोड छापला जातो. दोन इंजेक्टर अगदी सारखे कधीच निघत नाहीत. कोण किंचित जास्त डिझेल सोडतो, कोण कमी, ते त्या कोडमध्ये असतं. चष्म्याच्या नंबरासारखाच तो प्रकार. इंजेक्टर बदलला की नवा कोड कंप्युटरला सांगावा लागतो, नाहीतर इंजिन अडखळतं, धूर काढतं, काही गाड्या तर चालूच होत नाहीत. कोड डोळ्यांना दिसतो, इंजेक्टरवर छापलेला असतो, त्यात गुपित काही नाही. मालकाने पैसे मोजून अस्सल इंजेक्टर आणला, मेस्त्रीने तो व्यवस्थित बसवला, तरी तो कोड आत टाकायची चौकट उघडत नाही, म्हणून गाडी टेम्पोवर चढवून सर्व्हिस सेंटरला न्यायची. तिथला मुलगा तो कोड टाइप करतो. एवढ्यासाठी घाट ओलांडायचा.

आणि हे डिझेलपुरतं नाही. मागच्या चाकाला विजेवर चालणारा हँडब्रेक असला तर पॅड बदलायच्या आधी तो मागे घ्यायला स्कॅनर. थ्रॉटल बॉडी साफ केली तर इंजिनाला पुन्हा शिकवायला, एबीएसच्या ठोकळ्यातली हवा काढायला, स्टिअरिंगचं काम झालं की त्याचा मध्य दाखवायला, काही गाड्यांना तर बॅटरी बदलल्याचं कळवायलाही स्कॅनर. पानं-पक्कड घेऊन काम करणाऱ्याला शेवटचा आटा पिळायला दुसऱ्याची परवानगी लागते.

कंपन्यांचा पहिला आक्षेप असतो सुरक्षेचा. अडाणी माणसाच्या हातात माहिती गेली तर अपघात होतील, असं म्हणतात. माझा अनुभव अगदी उलट आहे. जुन्या डिझेल इंजिनात कुठला सिलिंडर मारत नाही हे शोधायची मेस्त्री लोकांची एक रीत होती : इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करायचा आणि आवाजातला फरक ऐकायचा. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. आजच्या कॉमन रेल इंजिनात त्या पाइपमध्ये सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत दाब असू शकतो. तिथे तोच नट ढिला केला तर डिझेलची सुईसारखी धार कातडी फोडून मांसात शिरते; हात जाऊ शकतो. ही गोष्ट कंपनीच्या कार्यशाळा-पुस्तिकेत ठळक अक्षरात इशारा म्हणून छापलेली असते, आणि ज्याचा हात त्या पाइपवर असतो त्याला ती पुस्तिका मिळत नाही. विजेच्या गाड्या येतायत. त्यांच्या बॅटरीचा दाब तीनशे-चारशे व्होल्टच्या घरात. ती कुठून तोडायची, किती वेळ थांबायचं, हे लपवून कोणाचा जीव वाचणार आहे?

दुसरा आक्षेप चोरीचा आणि प्रदूषणाचा. किल्ली जोडायचं सॉफ्टवेअर खुलं केलं तर गाड्या चोरीला जातील. इंजिनाचा प्रोग्रॅम खुला केला तर लोक डीपीएफ पोकळ करून टाकतील. भीती खोटी नाही. फिल्टर फोडून, प्रोग्रॅम बदलून देणारे लोक आजही आहेत, किलोमीटर मागे फिरवून देणारे आहेत. पण ते कुणाच्या परवानगीने करतात? क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि नकली केबल घेऊन ते कंपनीचं कुलूप बाजूला करतात. अडकतो तो फिल्टर नीट साफ करून गाडी नियमाप्रमाणे चालवू पाहणारा माणूस. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. आणि साफ करायची वाट बंद ठेवली की वैतागलेला गाडीवाला शेवटी त्या पोकळ करणाऱ्याकडेच जातो, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे. धुराचं नुकसान त्या कुलपामुळे वाढतं आहे.

किल्ली आणि इमोबिलायझरचं, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या कुलपाचं, वेगळं ठेवता येतं, आणि इतरांनी ते ठेवलेलं आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून कायदा लागू आहे : कंपनीने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना रास्त किमतीत द्यायची, चोरीशी आणि जिवाशी संबंधित भाग मात्र पात्रता तपासलेल्या लोकांनाच. युरोपातही २००७ पासून नियमांत ही जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे. तिथे गाड्या विकणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच इथेही विकतात. म्हणजे माहिती देण्याची यंत्रणा त्यांच्याकडे तयार आहे, फक्त इथे बटण दाबायचं राहिलं आहे.

आपल्याकडेही हे कोणी पहिल्यांदा सांगत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नेमका याच कारणासाठी : सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात न देता त्यांनी दुरुस्तीची बाजारपेठ आपल्या हातात ठेवली म्हणून. त्या आदेशात दंडाबरोबर असंही होतं की स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं मिळतील अशी व्यवस्था करा, आणि बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाच्या रकमेवर वकिलांचे युक्तिवाद झाले. दंड सरकारला मिळतो की नाही याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. आदेशाचा दुसरा भाग मात्र आमचा होता. त्यानंतर बीएस-४ संपलं, बीएस-६ आलं, एप्रिल २०२३ मध्ये त्याचा पुढचा टप्पाही आला, दर टप्प्याला गाडीत सेन्सर वाढले, आणि आजही नवी गाडी घेताना शोरूममधला मुलगा सांगतो, “बाहेर हात लावू देऊ नका, वॉरंटी जाईल.”

२२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र कोकणातून आलं असं म्हणता येणार नाही. वाशिष्ठीचं पाणी चिपळूण बाजारपेठेत शिरलं आणि गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. २००५ च्या पुरातही बुडाल्या होत्या. त्या काळच्या बऱ्याच गाड्या, विशेषतः जीपा आणि टेम्पो, चिखल धुऊन, ऑइल बदलून, स्टार्टर-डायनामो सुकवून पुन्हा रस्त्यावर येऊ शकत होत्या. २०२१ मध्ये इंजिनं तितकीच धुण्याजोगी होती. पण आता सीटखाली, पायाजवळ, डॅशबोर्डमागे कंप्युटरच्या डब्या असतात आणि चिखलाच्या पाण्यात त्या जातात. त्याच मॉडेलच्या अपघातातल्या गाडीची चांगली डबी भंगारवाल्याकडे मिळते. ती बसवली तर गाडी तिला ओळखत नाही, कारण डबी जुन्या गाडीच्या नंबराशी बांधलेली असते. ती गाठ सोडवून नव्या गाडीशी बांधायचं काम कंपनीच करू शकते, आणि कंपनी म्हणते नवी घ्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमावाले गाडी टोटल लॉस ठरवतात. दोन-चार डब्यांची नवी किंमत लावली की बरी गाडीही त्या रेषेपलीकडे जाते. ज्यांचा विमा फक्त थर्ड पार्टी होता त्यांना तेवढंही मिळालं नाही. रिक्षावाले, टेम्पोवाले, दुकानाची डिलिव्हरी व्हॅन असलेले, त्यांचं पोट त्या गाडीवर होतं. वापरलेला चांगला पार्ट दुसऱ्या गाडीत चालू नये, असं निसर्गाने ठरवलेलं नाही. कोणीतरी प्रोग्रॅममध्ये तशी ओळ लिहिली.

गंमत बघा. देवगडच्या, विजयदुर्गाच्या बंदरात लागणाऱ्या बहुतेक मच्छीमार बोटींची इंजिनं अजून जुन्या पद्धतीची आहेत. किनाऱ्यापासून कित्येक मैल आत, रात्री, लाटांवर हिंदकळत तांडेल आणि खलाशी ते इंजिन उघडून चालू करून परत येतात. त्याच तांडेलाची चारचाकी बंदराच्या पार्किंगात दिवा लावून उभी राहिली की त्याच्या हातात काही उरत नाही. बोटींची इंजिनंही उद्या कंप्युटरची होतील. तेव्हा काय करायचं, समुद्रात टोल फ्री नंबर लावायचा?

तक्रार घालायची आमच्याकडची रीत म्हणजे रवळनाथासमोर गाऱ्हाणं. पण स्कॅनरचा पासवर्ड त्याच्याकडे नाही, म्हणून आपल्याला लिहितो आहे. मागणं फार नाही, आणि त्यातलं बरंचसं आपल्या विभागाने मनावर घेतलं तर एका अधिसूचनेत बसेल.

पोर्टलवर नाव असलेल्या प्रत्येक मोटार कंपनीने कार्यशाळा-पुस्तिका, वायरिंगचे नकाशे आणि आपल्या खास फॉल्ट कोडांचा अर्थ तिथे ठेवावा. फुकट द्या असं मी म्हणत नाही. एका दिवसाचे, एका महिन्याचे रास्त पैसे घ्या, पण मेस्त्रीला घेता येतील इतके. एखादा भाग बदलल्यावर काम पुरं करण्यासाठी जे हुकूम लागतात, म्हणजे इंजेक्टरचा कोड, डीपीएफ जाळणं, हँडब्रेक मागे घेणं, सेन्सरला शून्यावर आणणं, ते बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही स्कॅनरमधून देता आले पाहिजेत. यात चोरीचा संबंध नाही, प्रदूषणाचा तर फायदाच आहे. किल्ली आणि इमोबिलायझरसाठी वेगळी नोंदणी ठेवा. तालुक्याच्या आयटीआयतून मोटार मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेल्यांना, पोलिसांकडून पडताळणी करून, ती द्या. आज ती मुलं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात आणि गावात गॅरेज टाकायचं तर अर्ध्या गाड्यांना हात लावता येत नाही म्हणून मुंबईला किंवा गोव्याला सर्व्हिस सेंटरच्या पगारावर जातात. भंगारातल्या चांगल्या डब्या, जुन्या आणि नव्या दोन्ही गाड्यांची कागदपत्रं दाखवल्यावर, जोडून द्यायला कंपनीला बांधील करा. वॉरंटीबद्दल स्पर्धा आयोगाने जे म्हटलं ते प्रत्येक सर्व्हिस बुकाच्या पहिल्या पानावर मराठीत छापायला लावा.

यातलं काही आपल्या अखत्यारीत नाही, ते रस्ते वाहतूक मंत्रालयाचं आहे, असं उत्तर येईल हे मला ठाऊक आहे. तर मग त्या मंत्रालयाशी बोला. नवं मॉडेल विकायच्या आधी त्याची मान्यता घ्यावी लागते. ब्रेक तपासतात, धूर तपासतात, दिवे तपासतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडे हे काम आहेच. त्याच यादीत आणखी एक ओळ घाला : दुरुस्तीची माहिती आणि साधनं खुली केली आहेत का? नसतील तर मान्यता नाही. २०२५ मध्ये आपल्याकडे दुरुस्ती किती सोपी याचे गुण देण्याबाबत समितीचा अहवाल आला, तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा होता. मोबाइल बिघडला तर माणूस दोन दिवस फोनशिवाय राहतो. गाडी बिघडली तर आमच्याकडे पेशंट रात्री जिल्हा रुग्णालयात पोचत नाही. तेव्हा मोटारींचे गुण मोबाइलच्या मागून द्यायचे हा क्रम तेवढा बदला.

कंपन्यांची संघटना आपल्याकडे येऊन बोलते, त्यांचे लोक दिल्लीतच असतात. गॅरेजवाल्यांची तशी संघटना आमच्याकडे नाही. समितीची पुढची बैठक ठरवाल तेव्हा एखादी कणकवलीत किंवा चिपळुणात घ्या. हॉल आम्ही देऊ. शक्यतो एप्रिलमध्ये ठेवा, तेव्हा प्रत्येक नाक्यावर भरलेल्या पिकअप असतात आणि त्यातली एखादी बोनेट उघडून उभी असतेच. काय अडतं ते तिथेच दाखवता येईल.

या पत्राचं उत्तर मात्र मला वैयक्तिक ई-मेलवर नको. पोर्टलवर सगळ्यांना दिसेल असं टाका, आणि कुठली कंपनी कुठली माहिती कोणत्या तारखेपासून देणार ते त्यात असू द्या. तक्रार क्रमांक पाठवला नाही तरी चालेल. ते आमच्या गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेले बरेच आहेत.

आपला,
देवगड तालुक्यातला एक आंबा बागायतदार आणि गाडीमालक